प्रेमानंदचा डबा

आमचा प्रेमानंद काय काम करायचा, ते आमच्या ईट गावात कुणालाच नीट सांगता येत न्हवतं. पुण्याच्या लॅबमधी होता, पर डॉक्टर न्हाय आन कंपाउंडरबी न्हाय. कुणी इचारलं की त्याचे वडील मच्छिंद्रतात्या सांगायचे, "पोरगं सोयरीक जमिवतंय. लॅबवाल्यांची आन दवाखान्याची." लोकं हसायची. त्याची माय बनाबाईबी हसायची, पर कौतुकानं.

आन खरं तेच काम व्हतं. पुण्यात आजारावर शोध लावणारे डॉक्टर, तालुक्याला भूमला पेशंट बघणारे डॉक्टर, आन दोघं एकमेकाला वळखत न्हाईत. प्रेमानंद हिकडं चहा प्यायचा, तिकडं चहा प्यायचा, आन दोघांला एका टेबलावर बशिवायचा.

पहिली जोडी त्यानं जमिवली ती आपल्याच गावासाठी. बायांचं रक्त कमी का पडतं, त्याचा शोध. बनाबाईचं पोरगं म्हणून गल्लीतल्या समद्या बायांनी रक्त दिलं. वरसानं पुण्याची माणसं परत तपासायला आली, तर गावच्या बुद्धइहारात बाया जमल्या पर एकबी हात म्होरं येईना.

शेजारची कोंडाबाई म्हणली, "बने, शेजारणीनं कालवण दिलं तर तू वाटी मोकळी धाडतीस का? चिमूटभर साखर तरी घालतीस. तुज्या पोरानं आमचं रक्त नेलं, आन ते चांगलं हाय का वंगाळ, येवडंबी सांगितलं न्हाय."

बनाबाईची मान खाली गेली. बायांनी रक्त न्हाय दिलं तर पुणं आन भूम तुटणार, पोराची पहिलीच सोयरीक मोडणार.

"माय, तिथं समद्यांचे आकडे एकत्र धरत्यात," प्रेमानंद हळूच म्हणला. "येकेकीला सांगायचं ठरलंच न्हवतं."

"मंग आता ठरिव," बनाबाई म्हणली. "आदी वाटी भरून आण, मंग हात माग."

त्यानं तिथूनच पुण्याच्या हुमेरा मॅडमला फोन लावला. शोधाच्या मुख्य डॉक्टर त्याच. त्या हसल्या. "माझी अम्मीपण शेजारची ताटली रिकामी देत नाही. बरोबर बोलतायत त्या. मीच येते."

आल्या. भूमच्या डॉक्टरला घेऊन इहारात बसल्या, येकेकीला जवळ बोलवून तिचं तिला सांगितलं, लागतील त्या गोळ्या दिल्या. कोंडाबाईचं रक्त एकदम चांगलं निघालं. ती सांजच्या पारी गल्लीभर सांगत फिरली. बनाबाईचं मातर लई कमी.

"समदं पोराच्याच ताटात वाढलंस व्हय गं?" कोंडाबाई म्हणली. बनाबाई हसली, आन गोळी गिळली. त्या दिशी समद्या बायांनी रक्त दिलं.

म्होरं प्रेमानंदनं लई ठिकाणी अशा जोड्या जमिवल्या. त्याची एकच अट असायची, गावाचा निकाल गावाला सांगायचा.

औंदा हिवाळ्यात झोपेतच गेला आमचा प्रेमानंद. हुमेरा मॅडम भेटायला आल्या. त्याचा जेवणाचा डबा लॅबमधल्या टेबलावर ऱ्हायला व्हता, तो घेऊन आल्या. बनाबाईनं उघडला तर आत मॅडमनं भरलेला खजूर. मंग मातर तिला रडू आवरंना. मॅडम निघाल्या तशी ती डोळं पुसत उठली, त्याच डब्यात शेंगाची चटणी दाबून भरली आन मॅडमच्या हातात दिली. "मोकळा कसा धाडू?"

तवापासनं डबा पुणं-ईट करतोय. आता तो कुणाचा, कुणालाच सांगता येत न्हाय. मागल्या तपासणीला पुण्याची माणसं आली तवा डबाबी आला. बनाबाईनं आदी डबा उघडला, आत काय हाय ते कोंडाबाईला दाखिवलं, आन मंग बाही वर केली.