रिकामं जातं

"मावशी, जातं फिरवत राहा. गाणं आम्ही लावतो."

असं म्हणून त्यानं माझ्या आईसमोरचा माईक उचलला. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या लॉनवर मावळच्या लोककलांचा आणि खाण्यापिण्याचा महोत्सव होता. समोर खुर्च्या भरलेल्या, कडेला झुणका-भाकरीचे स्टॉल, आणि स्टेजवर जात्यापाशी आई आणि मी. माईक नेणारा आयोजक परका नव्हता. आमच्याच तालुक्यातला, गावची निम्मी जमीन ज्यांच्या नावावर त्या घरातला. नवलाख उंबरे गावातल्या आमच्या बौद्धवस्तीत तोच गाडी घेऊन आला होता. म्हणाला होता, "जात्यावरच्या अस्सल ओव्या तुमच्याकडंच उरल्यात."

आई तेवढ्यानं हरखली. अडुसष्टाव्या वर्षी तिचं गाणं कुणीतरी मागत होतं. महिनाभर तिनं घसा जपला, गार पाणी बंद केलं. मी कारखान्यात पॅकिंगला आहे. मी रजा टाकली.

आमच्या घरात एक रीत आहे. जात्यात पहिली मूठ टाकताना आई स्वतः रचलेली, छप्पनच्या धम्मदीक्षेची ओवी म्हणते. ती झाल्याशिवाय दुसरी नाही.

पहिल्या मुठीला गं, नाव बुद्धाचं मी घेते
छप्पन सालाची पहाट, माझ्या दारी येते

स्टेजवर तिनं तीच धरली. दोन ओळी होतायत तोच हा वर चढला. "ही नको मावशी. सीतेची म्हणा, माहेराची म्हणा. हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे, जयंती नाही."

आई म्हणाली, "पयली तीच आसती."

मग माईक गेला. जाताना दाण्यांची पाटीही नेली. स्टेजवर पिठाचा पसारा नको म्हणे. स्पीकरवर कुठल्याशा बाईचा गोड आवाज सुरू झाला.

रिकामं जातं कुणी फिरवत नाही. दगडावर दगड घासतो, टाकीनं पाडलेल्या खाचा झिजतात, पुढच्या पिठात कच येते. लहानपणी मी खेळत फिरवलं म्हणून आईनं मला बडवलं होतं. तीच आई आता मान खाली घालून रिकामं जातं फिरवत होती. समोर मोबाइल वर झाले. सांगायला लाज वाटते, पण मीही फिरवलं. खुंट्यावर तिच्या हाताशेजारी माझा हात होता आणि मी मुकाट ओढत होते. चार माणसांत शोभा नको. लहानपणापासून हेच तर ऐकत आले.

आई हळूच म्हणाली, "आयकतीस का? दगड खातोय दगडाला."

मी खुंटा सोडला. तिचा हात धरून जातं थांबवलं. तो धावत आला.

"ताई, काय करताय? लोक बघतायत."

"बघू द्या. आमचं हात पायजेत आन् तोंड नको, आसं न्हाई चालायचं."

आम्ही उतरलो. कुणी अडवलं नाही. वळून पाहिलं तर रिसॉर्टच्या दोन मुली नऊवारीत जात्याशी बसल्या होत्या आणि टाळ्या पडत होत्या. आम्ही उठलो हे तिथं कुणाला कळलंसुद्धा नाही. याचा राग अजून जात नाही. पुढं कितीतरी दिवस आई डाळ भरडताना ओवी धरायचीच नाही. घसा बसलाय म्हणायची. घसा ठणठणीत होता.

परवा त्याचा फोन आला.

"ताई, यंदा मावशींना नुसतं बसवायचं. गायचा त्रासच नाही."

पूर्वी मी 'बघते, विचारून सांगते' म्हटलं असतं.

"आई गाणार," मी म्हणाले. "पयली तीच, माईकवर, पुरी. जमत नसंल तर वस्तीत गाडी आणू नका. एक बाई मिळायची न्हाई तुमाला."

"अहो, एका ओवीसाठी एवढं?"

"व्हय. तेवढ्यासाठीच."

फोन ठेवला, चप्पल घातली आणि वस्तीत दारोदार सांगायला निघाले.