हट्टी मुलाचं काम

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाला सगळे 'हट्टी' म्हणत, आणि त्याच्याइतका होयबा माणूस शोधून सापडला नसता. हे नाव पडलं सहाव्या वर्षी. मुलं कशी वाढवावीत हे पालकांना शिकवणारी एक शैक्षणिक फिल्म तेव्हा काढत होते. तिच्यात ताटली भिरकावून 'नाही, नाही' म्हणत जमिनीवर लोळणारा मुलगा हवा होता. खऱ्या हट्टी मुलांनी फिल्मवाल्यांना दादच दिली नाही. मग वर्गातला अगदी गरीब गाय असा पोरगा निवडला. लोळ म्हटलं की तो लोळायचा, रड म्हटलं की रडायचा, पुन्हा म्हटलं की पुन्हा. संध्याकाळी दिग्दर्शकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "किती शहाणा आहे हो!"

ते शहाणपण मेलं पुढे सुटलंच नाही. मुकी बिचारी, कुणीही हाका. कुणाची रजा असो, कुणाचं लग्न, काम येई ते ह्याच्या गळ्यात. चाळिशीतच माणूस पार शिणून गेला होता.

ती फिल्म अजून दर वर्षी पालकसभेत दाखवत, आणि प्रोजेक्टर चालवायचाही ह्यानंच. ह्या शनिवारी बायकोला कामावर जायचं होतं, म्हणून लेक सोबत आली. उद्या तिला सायकल शिकवायची होती. कितीतरी रविवार हुकले होते. ह्या वेळी मात्र त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेतली होती.

पडद्यावरचा पोरगा पाय आपटत होता. लेक डोळे विस्फारून बघत राहिली.

"बाबा, तुम्ही किती जोरात नाही म्हणायचात!"

"मला म्हणायला सांगितलं होतं, बाळा."

सभा संपली तसे मुख्याध्यापक आत आले. उरलेले पालक उद्या सकाळी येणार आहेत, पुन्हा दाखवाल ना, असं त्यांनी विचारलं. त्यानं लेकीकडे पाहिलं. 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. आता म्हणायचंच, असं त्याला मनापासून वाटलं.

"हो, सर."

आता ही रडेल, निदान रुसेल, म्हणून तो थांबला. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पोर खाली बसून प्रोजेक्टरची वायर नीट गुंडाळू लागली.

"चालेल, बाबा. पुढच्या रविवारी जाऊ."

मुख्याध्यापकांनी कौतुकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"किती शहाणी आहे हो!"