माफ न करणारी बेबी

मुलांनो, माझी धाकटी बहीण बेबी माफी मागायला आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायची, मग वर शेव घातलेले पोहे, आणि तो जेमतेम दोन घास खातो तोच शांतपणे सांगायची, "माफ नाही केलं हं." माणूस बिचारा पोहे संपवूनच उठायचा.

तिला ल्यूपस होता. आपलं रक्षण करणाऱ्या पेशीच आपल्या अंगावर तुटून पडतात, असा हा आजार. "ताई, माझ्या घरात माझेच पहारेकरी दरोडा घालतायत," ती म्हणायची. गाल लाल, सांधे सुजलेले, पण जीभ शाबूत.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा नव्या उपचाराबद्दल सांगितलं. अशा पेशींना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी रक्तात असतात. त्या काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत द्यायच्या. अजून प्रयोगच होता, पण बेबीचं नाव त्यात जाण्यासारखं होतं. अट एकच, मूत्रपिंडं धड राहायला हवीत. त्या दिवशी तिने इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन दोन जिलब्या खाल्ल्या.

सुदामा नगरात तिच्या घरी थोरल्या दिरांचं राज्य होतं. भाऊजी निवृत्त इंजिनिअर, मोबाईलवर येईल ते खरं मानणारे. थंडीत बेबी अंथरुणाला खिळली, तेव्हा गोळ्या त्यांच्या ताब्यात गेल्या. "अरे बेबी, या गोळ्या इम्युनिटी मारतात. आपल्याला वाढवायची आहे ना? बाकी सब बकवास!" गोळ्या बंद झाल्या, गुळवेलीचा काढा सुरू झाला. जी फौज आवरायची, तिलाच खुराक! तिचे यजमान शेजारी उभे राहून म्हणत, "दादा कह रहे हैं तो पी ले ना."

पाय सुजले तेव्हा मला कळलं. मी राजेंद्र नगरहून रिक्षा करून गेले आणि तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून एवढंच म्हणाल्या, "गोळ्या कुणी थांबवल्या?" मूत्रपिंडं निकामी झाली होती. प्रयोगाचं दार तिथेच बंद झालं.

पुढे डायलिसिसच्या खुर्चीत ती मला म्हणाली, "भाऊजी एकदाही माफी मागायला आले नाहीत गं. आले असते, तर निदान नाही तरी म्हणता आलं असतं."

ती गेली. शोकसभेत भाऊजींनी माईक धरला. "नियतीपुढे कुणाचं काय चालतं..."

मी उठले. "नियति नहीं थी, भाऊजी. तुम्ही होतात." मी परत खाली बसले आणि पदर नीट केला.

आणि सई, तुम्हा मुलांत तू तिकडे प्रयोगशाळेत त्याच आवरणाऱ्या पेशींवर काम करतेस. ज्या दिवशी त्या पेशींनी एखादी बाई बरी होऊन घरी जाईल, त्या दिवशी मला फोन कर. मी तो भाऊजींच्या दिवाणखान्यात बसून घेईन. स्पीकरवर.