मिस्त्रींनी नको म्हटलेलं रबर

आमचे मिस्त्री गाडीचा नवा पार्ट हातात आला की आधी त्याचा वास घेत. मग डोळे मिटून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत. बाजारात खरबूज निवडणारी बाईही इतकी चिकित्सा करत नसेल. बेलापुरात सगळेच या सवयीची थट्टा करत. मीही करायचो.

माझी व्हॅन नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली. भाजी, माणसं, वऱ्हाडं, सगळं तीच वाहायची. तिचं अस्सल सामान येणं कधीच बंद झालं होतं. दुकानात मिळे त्याच्या डब्यावर नाव एक आणि आत भलतंच. एकदा मिस्त्रींनी क्लच प्लेट तीनदा परत पाठवली. दुकानदार म्हणाला, तुमच्या मिस्त्रींनाच घेऊन या, एकदा दर्शन तरी घेतो. मी हे हसत सांगितलं, पण मिस्त्री हसले नाहीत. "झिजल्याला पार्ट आधी कुरकुर करतो, भाऊ," ते म्हणाले. "खोटा काय बी न सांगता जातो."

त्यांचा आणखी एक दंडक होता. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी ते एकटेच मारत. त्या फेरीला गाडीत मालकही बसलेला त्यांना चालत नसे.

त्र्याहत्तरचा उन्हाळा असावा. ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी पाथर्डीला वऱ्हाड न्यायचं होतं. मी धावत नगरहून नवं रबर आणलं. मिस्त्रींनी वास घेतला, अंगठा फिरवला आणि ते परत माझ्या हातात ठेवलं. चार दिवस थांबा, ओळखीच्या माणसाकडून चांगलं मागवतो, म्हणाले. मी वऱ्हाडाला शब्द देऊन बसलो होतो. माझं डोकं फिरलं. "मिस्त्री, तुम्हाला जमत नसेल तर श्रीरामपूरला दुसऱ्याकडून बसवून घेतो," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोललो नव्हतो. त्यांनी मुकाट्याने रबर उचललं आणि बसवलं.

पहिल्याच फेरीला कालव्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. समोरून एक म्हातारी शेळ्या घेऊन येत होती. मिस्त्रींनी गाडी बाभळीवर घातली. म्हातारी वाचली, मिस्त्रींचं मनगट मोडलं.

माणसं जमली. वऱ्हाडवालेही आले. असं कसं झालं, कुणीतरी विचारलं. मिस्त्री मनगट धरून म्हणाले, "मीच बसिवलं हुतं. चूक माजी हाय."

मी शेजारीच उभा होतो. ते नको म्हणत होते, मी बसवायला लावलं, एवढंच सांगायचं होतं. पण गिऱ्हाईक समोर होतं आणि गाडीवर माझं घर चालत होतं. मी गप्प राहिलो.

मिस्त्री आता थकले, त्यांना माल ओळखता येईना, अशी गावभर बोलवा झाली. मनगट जुळलं, पण गाड्या येईनात. वर्षभरात ते पाथर्डीला लेकीकडे जायला निघाले. मी स्टँडवर गेलो. पोचवायला दुसरं कुणीही आलेलं नव्हतं. मी कसाबसा म्हणालो, "मिस्त्री, गावात मी सांगतो सगळ्यांना, त्या दिवशी..."

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमाला हितं ऱ्हायचंय."

एसटी निघाली तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. त्याची लाज आजही वाटते. मिस्त्री पाथर्डीलाच वारले. गावात त्यांचा विषय निघाला की जुनी माणसं अजून म्हणतात, शेवटी शेवटी मिस्त्रींचा अंदाज चुकायला लागला होता. आणि मी मान डोलावतो.