निळीच्या पताका

भीमजयंतीसाठी पांढऱ्या साडीला नीळ द्यायला बसले. बादलीत नीळ पसरली आणि मी मनानं टेंभुर्णीच्या आमच्या लहानपणीच्या अंगणात पोचले.

तेव्हा पताका घरीच व्हायच्या. आईनं वडिलांचं फाटकं धोतर काढलं. आम्ही त्याचे तिकोनी तुकडे कापले, बाटलीभर निळीत बुडवले आणि सुतळीवर टाचले. मिरवणूक निघायला आल्ती, म्हणून ओल्याच पताका गल्लीवर बांधल्या.

खाली आई नवी पांढरी साडी नेसून उभी होती. तिच्या खांद्यावर टपकन एक निळा थेंब पडला, मग दुसरा. मला रडूच फुटलं.

"आई, साडी खराब झाली! जल्दी धू."

आईनं वर बघितलं. "राहू दे. आजच्या दिवशी निळ्याला डाग म्हणत न्हाईत."

ती तिथंच उभी राहिली. शेजारच्या बायाही हसत हसत पताकांखाली आल्या, आपापले पांढरे पदर पसरून.

आज सकाळी ती नीळ दिलेली साडी नेसून निघाले. नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत प्लास्टिकच्या पताका फडफडत होत्या, चकचकीत निळ्या. मी पदर पसरून त्यांच्याखाली जराशी थांबले. पदर कोराच राहिला.