सोयऱ्यांना दाखवलेलं घर

आमच्याकडे सोयरीक ठरायच्या आधी मुलीकडची माणसं घर बघायला येतात. पोरगं बघून झालेलं असतं. हे खास घर बघणं. सात-आठ जण येतात, बसतात, पाणी पितात. मग त्यांच्यातली एखादी म्हातारी "जरा हात धुते" म्हणून उठते आणि स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा सगळं नजरेखालून घालून परत येते. पसंत पडलं की जेवण, आणि जेवण झालं की होकार. घर न बघता, न जेवता पोरगी दिली तर लोक विचारतात, पोरगी जड झाली होती का? मी लातूरला शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. जुन्या रूढी सोडा म्हणून मुलांपुढं घसा कोरडा केला. पण ही एक रूढी माझ्या हाडीमाशी खिळलेली आहे, ती काही निघाली नाही.

म्हणून माझ्या लेकानं पोलंडहून फोनवर सांगितलं, की तिथलीच एक मुलगी त्याला पसंत आहे, तेव्हा मी रडले नाही की ओरडले नाही. एकच अट घातली. तिच्या आईवडिलांनी आपल्या घरी येऊन जेवलं पाहिजे. आले तर माझा होकार, नाही आले तर मला विचारू नका.

"आई, ते खेड्यातले लोक आहेत. विमानात कधी बसले नाहीत," लेक म्हणाला.

"मग आम्ही तरी कुठं बसलोय? आधी त्यांना फोनवर घर दाखवू. पसंत पडलं तर येतील की."

इथं माझा धाकटा भाऊ मध्ये पडला. तो नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला. गुरुद्वाऱ्याला कॅनडाहून, लंडनहून येणारे यात्रेकरू स्टेशनवर बघून बघून आपल्याला फॉरेन कळतं, अशी त्याची ठाम समजूत. मी त्याला सांगितलं की आम्ही देवणीचं घर दाखवणार आहोत. आमचं खरं घर तेच. लातूरला नोकरीपायी दोन खोल्या घेतल्या, पण शेत, गोठा, देव सगळं देवणीला. भाऊ डोक्याला हात लावून बसला.

"अक्का, काय करून राहिली तू? त्यायला इंडिया म्हणलं की मुंबई, दिल्ली, लई झालं तर पुणं. देवणी म्हणलं तर नकाशात बोट फिरवत बसतील."

"मग लातूर सांगू."

"लातूर टाकून बघ नेटवर. भूकंप निघतंय न् पाण्याची रेल्वे. त्ये दाखवायचं हाय का सोयऱ्याला?"

मी टाकून बघितलं. भूकंप आणि पाण्याची रेल्वेच निघाली. ज्या गावात माझा सगळा संसार झाला, ते जगाला ढिगाऱ्यापुरतं आणि कोरड्या नळापुरतं माहीत आहे हे बघून मला राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. लाज वाटली तिथंच मी घसरले.

भावाच्या जावयाचा पुण्यात पंधराव्या मजल्यावर फ्लॅट होता. रविवारी तिथं जायचं, तिथूनच फोन करायचा, आणि हेच आमचं घर म्हणून सांगायचं, असं भावानं ठरवलं. माझ्या नवऱ्याला हे अजिबात पटलं नाही. तो कृषी खात्यातून निवृत्त झालेला, बोलणं कमी.

"लबाडी कशाला? आपलं घर काय पडलंय का?" एवढंच म्हणाला.

"दोन तासांचा तर प्रश्न आहे," मी म्हणाले. मला वाटलं होतं लेक तरी नको म्हणेल. तोही फोनवर "बरं" म्हणाला. मग हळूच सांगितलं, की तो तिथं पहिल्या आठवड्यापासून मुंबईजवळचा म्हणूनच राहतोय. लोक विचारतात मुंबई की दिल्ली, तिसरं नाव घेतलं की समोरचा नुसता बघत राहतो. कितीदा समजावणार? लातूरहून मुंबई गाठायला आख्खी रात्र लागते, पण पोलंडमधून बघितलं तर जवळच म्हणायची.

आम्ही पुण्याला गेलो. जाताना भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पिशवीत घालून नेला, म्हणजे घर आमचं वाटावं. जावयाच्या नावाच्या पाटीवर भावानं तोरण असं लावलं की नाव झाकून जावं. बाळकृष्णाला परक्याच्या फ्रिजवर बसवायचं मनाला पटेना. तरी बसवलाच.

आधी त्यांनी त्यांचं घर दाखवलं. लाकडाचं बुटकं घर, दारात चिखल, भिंतीला रचलेली जळणाची लाकडं, कोंबड्या, मागं चार गाई. मुलीचे वडील गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून उभे, चेहरा उन्हानं रापलेला. आई डोक्याला रुमाल बांधलेली, हात ओले. बहुतेक धार काढून आली असावी. भाऊ माझ्या कानात कुजबुजला, "हे फॉरेन हाय का? हे तर आपलं हदगाव निघालं!" मला हसू आलं. आपण यांच्यापेक्षा वरचढ आहोत, असं क्षणभर वाटून बरंही वाटलं. ते बरं वाटणं मला आता आठवतं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग आमची पाळी. भावानं फोन हातात घेतला आणि हॉल, सोफा, काचेचं टेबल, एसी एकेक करून दाखवत सुटला. मुलीची आई काहीतरी म्हणाली. मुलीनं ते लेकाला इंग्रजीत सांगितलं, लेकानं आम्हाला मराठीत. "त्या विचारतायत, रोज खाली उतरावं लागतं का?"

"लिफ्ट हाय ना! दोन-दोन लिफ्ट!" भाऊ म्हणाला. आणि उत्साहानं बाल्कनीचं दार सरकवून त्यानं फोन बाहेर धरला. खाली गाड्यांनी गच्च भरलेला रस्ता, हॉर्न, बांधकामांच्या क्रेन, नजर पोचेल तिथपर्यंत इमारती, आणि त्यांच्यावर भर दुपारी पसरलेला करडा धुरळा. पडद्यावर मुलीच्या आईनं तोंडावर हात ठेवला.

"दिपली!" भाऊ म्हणाला. आम्हालाही तसंच वाटलं. नवरा तेवढा मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसला होता.

आठ दिवसांनी निरोप आला. मुलीच्या आईला दम्याचा त्रास आहे, डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात, आणि तिला सोडून वडील येऊ शकत नाहीत. माझं डोकंच फिरलं. चार गाईंची धार काढणारी बाई, तिला कसला दमा? "घर पसंत नाही म्हणा की सरळ," मी लेकाला सुनावलं. "एवढं पंधराव्या मजल्यावरचं घर दाखवलं तरी यांचं नाक वरच!" त्या रागात मी विसरलेच होते की ते घर माझं नव्हतं. खोटं इतक्या लवकर आपलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

लेकानं दोन महिने दोन्हीकडं विनवण्या केल्या. मी हटले नाही. तिकडची आईही हटली नाही. शेवटी तो म्हणाला, "आई, आता कुणीच येऊ नका. तिचेही नकोत आणि तुम्हीही नको. एका बाजूचे बसले आणि दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी, असं मला बघवणार नाही."

मी म्हटलं, "तुझी मर्जी." आयुष्यात इतके कठोर दोन शब्द मी दुसऱ्या कुणाला बोलले नाही.

लग्नाचा फोटो मोबाइलवर आला तेव्हा मी भाजी निवडत होते. वॉर्सातल्या कुठल्याशा सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या, जाड कोट घातलेली चार माणसं. ही दोघं आणि सही करणारे दोन मित्र. मी मोबाइल पालथा ठेवला आणि मेथीची जुडी पूर्ण निवडून काढली. शेजारच्या वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "साधेपणानं केलं. तिकडं असंच असतं." त्यानंतर सात महिने मी लेकाशी बोलले नाही. नवरा बोलायचा, ओसरीत जाऊन, आवाज बारीक करून.

यंदा संक्रांतीनंतर दोघं आली. मी तेव्हा देवणीलाच होते; नवऱ्यानं मला न विचारता त्यांना सरळ तिथं आणलं. सून गाडीतून उतरली, तिनं घर बघितलं, अंगण बघितलं, आणि माझ्या पाया पडली. कुणीतरी शिकवलेलं असणार. मी तिला उठवलं. लेकानं तिला वाटेत खरं सांगितलेलं होतं, हे तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. तरी तिनं एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोठ्यापाशी उभी होती. त्या वेळी तिच्या आईचा रोज फोन येतो. फोन वाजला. तिनं तो उचलला, पण कॅमेरा नुसता स्वतःच्या चेहऱ्यावर धरला, मागचं काही दिसू नये असा. आईशी दोन वाक्यं बोलली आणि माझ्याकडं बघून मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, दाखवू?"

म्हणजे माझी अब्रू तिनं माझ्याच हातात दिली होती. ती झाकायला तयार होती. आमच्याकडं दुसऱ्याचं घर, मागून आणलेला ट्रॅक्टर दाखवून सोयरीक केली तर त्याला फसवणूक म्हणतात आणि असली सोयरीक मोडतात. मी स्वतः चुलत बहिणीची एक मोडली आहे, भर बैठकीत उठून. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि कॅमेरा फिरवला. पत्र्याचा गोठा, कडब्याची गंज, ठिपक्यांची गाय आणि तिचं महिन्याचं वासरू, शेणाचा पो, चुलीवर तापत ठेवलेलं पाणी. नवरा बनियनवर वैरणीची कुट्टी करत होता, त्यालाही दाखवलं. "हे आमचं घर," मी मराठीतच म्हणाले. "पहिल्यापासून हेच."

मग मुलीची आई बोलायला लागली. खूप बोलली, मध्येच थांबली, रुमालानं नाक पुसलं. सून ऐकत राहिली, पण सांगेना. "काय म्हणतात?" मी शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या लेकाला विचारलं. त्यानं सुनेकडून हळूहळू काढून घेतलं.

तरुणपणी ती बाई परदेशातल्या एका मोठ्या शहरात असल्याच उंच इमारतींचे जिने पुसायला होती. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. पुढं टीव्हीवर दर हिवाळ्यात आमच्या शहरांचा धूर दिसायचा, तोंडाला फडकी बांधलेली गर्दी दिसायची, पोरीबाळींवर गुदरलेल्या प्रसंगांच्या बातम्या यायच्या. हे सगळं खोटं असेल असं ती स्वतःला सांगत होती. आमच्या बाल्कनीतून तिला तेच दिसलं.

जगाला आमचं तेवढंच दिसतं म्हणून आम्ही चरफडतो, आणि दाखवायची वेळ आली तेव्हा आम्हीच शोधून, तोरण लावून तेवढं दाखवलं.

"आणि दमा?" मी विचारलं.

लेकानं मान हलवली. "दमा नाही आई. कधीच नव्हता. त्या म्हणतायत, तुमच्या शहराला घाबरून खोटं बोलले. हिचे वडील तर यायला निघाले होते. नवा कोट शिवला होता त्यांनी. मीच त्यांना थांबवलं, म्हणतायत."

पडद्यावर ती बाई माझ्याकडं बघत होती, माझं उत्तर ऐकायला थांबलेली. माझ्यासारखीच थोराड, माझ्यासारखीच हट्टी.

"सांग तिला," मी म्हणाले, "ते माझं शहर नव्हतंच."

सुनेनं सांगितलं. आम्ही दोघी रडलो, एकमेकींची भाषा न कळता. आता ती म्हणते येईन, मी म्हणते ये, आणि ती येईलही. पण आमच्या लेकरांचं लग्न दोन परक्या सह्यांवर होऊन गेलं, आणि त्या दिवशी दोघी आया आपापल्या घरी धडधाकट बसून होत्या.