बहाव्याला चटका

अक्का आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची एक पिशवी होती आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक बोचकं. मला वाटलं भांडी असतील. सोडून बघते तर हातभर लांब, काळ्याभोर शेंगा. हलवल्या की आतून खुळखुळ वाजायच्या.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. टेंभुर्णीला हायवेला लागूनच राहायची. रस्ता रुंद झाला त्यात तिचं घर गेलं आणि दारातला बहावाही गेला. तो बहावा आमच्या दाजींनी लावलेला. दाजींना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही, पण दर उन्हाळ्यात झाड पिवळंधमक झालं की ‘ह्यांचं झाड फुललंय गं’ असा तिचा फोन यायचाच. घर पाडताना ती रडली नाही, असं शेजारचे सांगतात. झाडावर करवत चालली तेव्हा मात्र पाठ करून उभी राहिली, आणि झाड आडवं झाल्यावर जाऊन शेंगा तोडून घेतल्या.

"ह्यातलं एक तरी झाड यायला पायजे," ती मला म्हणाली. "जास्त न्हाय मागत. एक."

मी म्हटलं, एवढंच ना! जन्मभर मी प्राथमिक शाळेत शिकवलंय. बी रुजायला काय लागतं? पाणी, हवा, ऊब. ओल्या फडक्यात मटकी बांधून वर्गात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पोरांना मोड दाखवायचे, हे मी इतक्यांदा केलंय की झोपेतही करीन. आणि अक्का आता कायमची माझ्याकडेच राहणार, म्हणून मी हवेत होते. लग्न झाल्यापासून आम्ही बहिणी एका घरात अशा राहिलोच नव्हतो. शेंगाचटणीत लसूण किती घालायचा यावरून आमचं रोज वाजायला लागलं, आणि खरं सांगते, मला ते भांडण फार आवडत होतं.

तर एक शेंग ठेवून बाकीच्या फोडल्या. आत काळा चिकट गर आणि त्यात चपट्या, तपकिरी, पॉलिश केल्यासारख्या बिया. कुंड्या भरल्या, बिया पेरल्या, पाणी घातलं. अक्का रोज चहाच्या आधी कुंड्यांपुढे जाऊन बसायची. महिना झाला तरी काही नाही. सोलापुरात ऊब कमी पडली, असं तर कुणी म्हणणार नाही! शेवटी मी माती उकरली. बी जसं घातलं होतं तसंच. फरशीवर टाकलं तर टण्णकन वाजलं. मेलंय म्हणावं तर कुजत नाही, जगलंय म्हणावं तर उगवत नाही. मला त्या बियांचा रागच आला. वर्गात एखादं पोर प्रश्न विचारला की उभं राहतं, उत्तरही देत नाही आणि खालीही बसत नाही, तशातली गत.

मग आमच्या ह्यांनी डोकं घातलं. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते, सूत रंगवायच्या खात्यात. "सूत नीट उकळल्याशिवाय रंग पीत नाही," हे म्हणाले. "बी पण पाणी पीत नाही, एवढंच तुझं दुखणं आहे ना? मग उकळ." कुंड्यांतल्या सगळ्या बिया उकरून, पातेल्यात घालून ह्यांनी गॅसवर ठेवल्या आणि सूत उकळावं तशा मन लावून रटरटा उकळल्या. आणि काय सांगू, त्या फुगल्या की! चांगल्या टम्म दुप्पट झाल्या. मी आनंदाच्या भरात शिरा केला. अक्काने स्वतःच्या हाताने एकेक बी मातीत ठेवलं.

आठवड्याभरात कुंड्यांना वास यायला लागला. बोट घातलं तर आत नुसता लगदा. मी ह्यांच्यावर जी भडकले ती भडकले, पण मनातून माझा पुरता गोंधळ उडाला होता. दगडासारखं दिसतं ते जिवंत आणि टरारून फुगतं ते मेलेलं? मग जन्मभर मी पोरांना शिकवलं तरी काय? बोचक्यात शेवटची एक शेंग उरली होती, ती अक्काने उचलली आणि उशाखाली ठेवली.

ही गेली की संपलं. ते सगळ्यांनाच कळत होतं, त्यामुळे त्या शेंगेला हात लावायची हिंमत कुणाला होईना. मी सरकारी रोपवाटिकेचा नंबर मिळवला आणि फोन लावला. पलीकडे पाण्याची मोटर धडधडत होती. माणूस ओरडून बोलत होता. "बहावा हाय न्हवं? मग चटका द्या की बाई! चटका दिल्याबिगर न्हाय उठत त्ये." आणि फोन कट. पुन्हा लावला तर उचलेना.

"चटका म्हणजे इस्त्रीचा का?" हे म्हणाले.

"तुम्ही गप बसा," मी म्हटलं. "चटका म्हणजे काय ते मला माहीत आहे."

आणि मला खरंच माहीत होतं. शाळेत असताना चिंचोका नाहीतर सागरगोटा शहाबादी फरशीवर घसाघसा घासायचा, तापला की शेजारणीच्या दंडाला टेकवायचा आणि पळायचं. त्याला आम्ही चटका देणं म्हणायचो. अक्का तर त्यात पटाईत, माझ्या दंडांना विचारा. आता बहाव्याला तोच चटका कशासाठी द्यायचा, हे मला कळेना. पण सांगणारा सरकारी माणूस, तेव्हा असेल काहीतरी. अक्काने उशाखालची शेंग आणली आणि फोडून बिया काढल्या. आम्ही दोघी मागच्या अंगणात शहाबादीवर मांडी घालून बसलो आणि घासायला लागलो. तापलंय का नाही ते बघायला दंड हवा, म्हणून ह्यांना बोलावलं.

"पाव्हणं, हात करा फुडं," अक्का म्हणाली आणि तिने बी टेकवलं. हे असे किंचाळले की शेजारीण गच्चीवर आली. अक्का हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. घर पडल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. एकेका बीला असा चटका देऊन, ह्यांच्या दंडावर तपासून, आम्ही सगळ्या बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि सकाळी पेरल्या.

काही दिवसांनी एका कुंडीत माती वर उचललेली दिसली. खालून डाळिंब्यांसारखी दोन जाड, हिरवी बीजदलं डोकं काढत होती. बाकीच्या कुंड्या तशाच राहिल्या, पण एक आलं होतं.

हे रोपवाटिकेत जाऊन सांगून आले. तो माणूस पोट धरून हसला म्हणे. चटका म्हणजे उकळत्या पाण्याचा. पाण्याला उकळी आली की पातेलं खाली उतरवायचं, मग त्यात बिया टाकायच्या आणि पाणी गार होऊ द्यायचं. "पण घासलं त्ये बी चालतंय," तो म्हणाला. "वरचं कवच झिजलं की पाणी आत जातंय, बास." म्हणजे उकळायचं म्हणणारे आमचे हे बरोबर असून चुकले होते आणि मी चुकून बरोबर निघाले होते. यावर हसावं का चिडावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आता मोठ्या कुंडीत लावू," मी अक्काला म्हटलं. "नाहीतर अंगणातली एक फरशी काढू. तुझ्या खोलीच्या खिडकीतून दिसेल."

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेड्यासारखं काहीतरी बोलले होते.

"हितं कशाला? हितं न्हाय लावायचं. रस्त्यात घर गेलं, पण मागं जागेचा तुकडा राह्यलाय की. तुझे दाजी काय म्हणायचे? आदी झाड, मग पाया. घराच्या आदी त्यांनी बहावा लावला व्हता. मी बी तसंच करणार. झाड लावायचं आन् मागं पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या करायच्या."

"आणि तू?"

"मी झाडासंगच की. गुडघ्याएवढं झालं की निघते. तुला किती दीस तरास द्यायचा?"

तिला एक झाड हवंय, एवढंच मी इतके दिवस धरून चालले होते. ती माझ्याकडे राहायला आलीच नव्हती. बी रुजेपर्यंत थांबली होती. आणि ते रुजावं म्हणून घासून घासून बोटांची सालं मीच काढून घेतली होती.

हल्ली कुंडीला पाणी मी घालते. तू वाकू नकोस, असं अक्काला सांगते. तांब्या तिरका करते आणि हात आपोआप आखडतो. रोप वाळावं असं मला वाटत नाही, देवाशपथ वाटत नाही. पण ते भराभर वाढावं असंही वाटत नाही. आज सकाळी बघितलं तर आणखी एक कोवळं पान उलगडलेलं. अक्का आत तोंड धूत होती. मी कुंडी फिरवली आणि ते पान भिंतीच्या बाजूला केलं.